बोर्डिंगच्या मागचं बन

या, असे जवळ या. मागे भिंतीला टेकून बसलेल्यांनीही जरा पुढं सरका, सतरंजी मोठी आहे. ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही, म्हणून तर जवळ बोलावलं. एका कीर्तनाची गोष्ट आहे. पूर्वरंगात ते एक होतं आणि उत्तररंगात भलतंच झालं. गोष्ट देवाची आहे, पण ऐकून गोड झोप लागेल असं काही नाही तिच्यात. देव लेकरांना नेहमी गोंजारतोच असं थोडंच आहे? कधी कधी तो पायाखालची माती हलवतो, आणि मग म्हणतो, आता बघ खाली.

तर मंडळी, आपल्या नगरच्या वसुधाबाई हिवाळे. ख्रिस्ती कीर्तनकार. पांढरी सुती साडी, गळ्यात लाकडी क्रूस, हातात चिपळ्या. नगर जिल्ह्यात असं ख्रिस्ती देऊळ नाही जिथं त्या उभ्या राहिल्या नाहीत. गायला लागल्या की भाजीवाल्याची गाडी रस्त्यात थांबायची आणि वजनकाट्यातली वांगी तशीच राहायची. हे देणं त्यांना वडिलांकडून आलेलं, आणि वडिलांना बोर्डिंगातून.

बोर्डिंग! नगरकडच्या ख्रिस्ती घरात हा शब्द निघाला की म्हातारी माणसं अजून हात जोडतात. ज्यांना गावच्या विहिरीला शिवायची बंदी, ज्यांच्या सावलीचा विटाळ, अशा गावकुसाबाहेरच्या पोरांना मिशनच्या बोर्डिंगानं पाटी दिली, ताट दिलं, अंगावर सदरा दिला. वसुधाबाईंचे वडील त्यातलेच एक. हिवाळ्यांच्या घरात जेवणाआधीच्या प्रार्थनेत त्या बोर्डिंगच्या साहेबाचं नाव आजही घेतात. आधी प्रभूचं, मग साहेबाचं, मग घास.

दोन हजार सहा सालच्या उन्हाळ्यात त्या लेकाकडे अमेरिकेला गेल्या. लेक अनिल, ॲरिझोनातल्या चँडलरला चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर. सून प्रतिमा. ऊन असं, की कुणीतरी भट्टीचं दार उघडून विसरून गेलंय. पण तिथं आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांची पंचवीस-तीस घरं होती, दर रविवारी एका शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये उपासना व्हायची, त्यामुळे बाईंचा जीव रमला. आणि त्याच वर्षी त्यांच्या मंडळीला, म्हणजे चर्चला, स्वतःची जागा मिळाली होती. शहराच्या दक्षिण टोकाला, कापसाची शेतं संपतात आणि तिथल्या मूळ अमेरिकी लोकांची हद्द लागते, त्या सीमेवर एक जुनं मिशनचं चॅपेल होतं. तिथं कुणी येईनासं झालं म्हणून त्या मिशनवाल्यांनी जागेसकट ते आपल्या लोकांना देऊन टाकलं.

चॅपेलशेजारी पूर्वी मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी शाळा होती. राहून शिकायची शाळा, म्हणजे बोर्डिंगच. इमारत कधीच पडली, जोत्याचे दगड तेवढे उरले. समोर गाड्या लावायला डांबर घातलेलं आवार. आणि मागे काटेरी झाडांचं बन होतं. मेस्कीट म्हणतात त्या झाडाला. वसुधाबाईंनी ते बघताक्षणी ओळखलं. "ही तर आपली वेडी बाभूळ! हिची थोरली बहीण असेल."

मंडळीचे पुढारी मनोहरकाका उजागरे. तीस वर्षांपूर्वी आलेले, दिलदार, बोलायला लागले की शेजारच्या गल्लीत ऐकू जाईल असे. पेटीही तेच वाजवायचे. जेवणावळींसाठी बनाच्या जागी एक हॉल बांधायचा, असं ठरलं होतं. त्याआधी रविवारी अर्पणविधी.

"वसुधाताई, कीर्तन तुमचं," काका म्हणाले. "आणि आख्यान एकच. हे बोर्डिंग ज्या साहेबानं काढलं त्याचं! आपल्या नगरच्या साहेबाचा सख्खा भाऊच समजा. या वाळवंटात येऊन परक्यांच्या पोरांसाठी झिजला तो माणूस. शेजारच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या लोकांनाही बोलावू. त्यांच्याच शाळेचं गुणगान, किती बरं वाटेल त्यांना!"

सगळे आमेन म्हणाले. वसुधाबाई सगळ्यांत आधी.

इथंच पाऊल चुकलं, मंडळी. आणि हे पाऊल आपल्याच माणसांचं चुकावं असं होतं. बोर्डिंग म्हटल्यावर दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं असतं का सांगा.

शुक्रवारी दुपारी चॅपेलात तालीम ठेवली. तबल्याला अवधूत, शेजारच्या टेंपी शहरातल्या विद्यापीठात शिकणारा नागपूरचा मुलगा. ख्रिस्ती नव्हे, पण पंचक्रोशीत तबला त्याच्याएवढा दुसऱ्या कुणाला येत नव्हता.

"काकू, मी गणपतीतही वाजवतो बरं का. येशूबाप्पा रागावणार नाहीत ना?"

"त्यांचं मी बघून घेईन. तू ताल सोडलास तर मात्र मी रागवेन."

"बापरे! मग गणपतीच बरा, तो चुका पोटात घालतो. पोट मोठं आहे त्याचं."

बाई खळखळून हसल्या. अवधूत थंड प्यायला थांबला, तशा त्या पाय मोकळे करायला म्हणून मागच्या दारानं बनात शिरल्या.

आत गेल्या आणि हसू ओठांवरच वाळलं.

बाहेर कुंपणाच्या तारेवर होले ओळीनं बसले होते. बनात एकही नव्हता. एवढी सावली सोडून पाखरं उन्हात का बसावीत? झाडांच्या मधोमध एक पिवळं खोदाईचं यंत्र, दाताळ फावडं जमिनीवर टेकून, वास घेणाऱ्या जनावरासारखं उभं. त्यानं बनापासून चॅपेलच्या कडेनं समोरच्या आवारापर्यंत वरवरची माती खरवडून ठेवलेली. बाईंचा पाय एके ठिकाणी खाली गेला. जमीन तिथं जराशी दबलेली, परातीसारखी. पुढं दोन पावलांवर आणखी एक तसाच खळगा, मग आणखी एक. एका ओळीत. ओळीतले खळगे आपोआप होत नसतात, एवढं शेतकरी मुलखातल्या बाईला सांगावं लागत नाही. सगळे खळगे आखूड होते.

कुंपणापलीकडे एक जुनी पिकअप गाडी उभी होती. तिच्या सावलीत घडीची खुर्ची टाकून एक म्हातारी बसली होती, बनाकडे तोंड करून. रुंद चेहरा, पांढरे केस पाठीवर मोकळे. नजर हलत नव्हती. वसुधाबाईंनी सवयीनं हात जोडले, "जय ख्रिस्त." मग इंग्रजीत बोलू लागल्या. त्यांचं इंग्रजी शाळामास्तरणीचं, त्या बाईचं सावकाश, एकेक शब्द ठेवत जाणारं.

"गाणारी बाई तुम्हीच?" म्हातारीनं विचारलं.

"हो. रविवारी या ना तुम्ही. नाव काय तुमचं?"

"अर्नेस्टीन ॲन्टोन. मी या शाळेत होते."

वसुधाबाईंचा चेहरा उजळला. "बोर्डिंगात! अहो, माझे वडीलसुद्धा बोर्डिंगातच वाढले. केवढं भाग्य!"

म्हातारी त्यांच्याकडे बघत राहिली. रागानं नव्हे. खोल विहिरीत डोकावून पाणी आहे का बघावं, तसं.

"तुमच्या वडिलांना तिथं कुणी नेलं?"

"माझ्या आजीनं. पायी चालत. साहेबाचे पाय धरले तिनं, माझ्या पोराला आत घ्या म्हणाली."

"हं." अर्नेस्टीनबाईंनी कोरड्या माळाकडे बोट केलं. "आमच्याकडे गाडी आली होती. दोन माणसं उतरली. माझी आई गाडीमागं पळाली, तिथं नदीपर्यंत. आम्ही नदीची माणसं, पण नदीत तेव्हाच पाणी उरलं नव्हतं. वरच्या अंगाला नव्या लोकांनी पाट काढून पाणी पळवलं होतं. शेतं वाळली. आधी पाणी गेलं, मग पोरं नेली."

वसुधाबाईंच्या चिपळ्या हातातच होत्या, त्या त्यांनी घट्ट धरल्या, वाजू नयेत म्हणून.

"सोमवारी खणणार म्हणे," म्हातारी म्हणाली.

"हो. हॉल बांधायचाय. जेवणाला."

"किती खोल, ते विचारा त्यांना."

"का बरं?"

"मुलं फार खोल पुरलेली नाहीत. पुरणारीसुद्धा मुलंच होती."

बाईंनी वळून मागच्या खळग्यांच्या ओळीकडे पाहिलं.

"ताप आला होता एका हिवाळ्यात," अर्नेस्टीनबाई पुढं बोलू लागल्या. "मोठ्या मुलांच्या हाती फावडी दिली. माझी धाकटी बहीण त्यात गेली. इडा. हे शाळेनं दिलेलं नाव. घरचं नाव मी परक्याला सांगणार नाही. आम्ही मुलींनी नदीच्या पात्रातले पांढरे गोटे वेचून तिच्याभोवती लावले, सगळ्यांच्याच भोवती लावले. पुढं कुणीतरी वरून माती लोटून सगळं सपाट केलं. तेव्हा इथं झाडं नव्हती. आता मला तिची जागा सापडत नाही. मी येते, आणि सगळ्या बनाकडे बघून बसते. मरायच्या आधी एकदा कळलं तर बरं."

"कुणाला सांगितलं नाहीत का?"

"सांगितलं. ज्यांनी तुम्हाला जागा दिली त्यांना. ते म्हणाले, आमच्याकडे तशी नोंद नाही."

वसुधाबाईंनी चाचरत विचारलं, "तुम्ही... अजून प्रार्थना करता?"

"रोज. त्यानं माझं काही वाईट केलं नाही. ज्यांनी केलं, ते त्याचं नाव घेऊन आले होते. हा फरक मला पोरवयातच कळला. तुम्हाला कळलाय का?"

त्या संध्याकाळी अनिलकडे मनोहरकाका जेवायला होते. पानावर भाकरी आणि झणझणीत पिठलं. वसुधाबाईंनी घास न घेताच विचारलं, "मनोहरभाऊ, हॉलचा पाया किती खोल घेणार?"

"चारेक फूट. का हो? आता सिव्हिल इंजिनियरिंग शिकताय की काय?"

कुणी हसलं नाही. बाईंनी बनातलं सगळं सांगितलं. काकांचा हात ताटात थांबला, आणि जरा जास्तच वेळ थांबला.

"त्या कबरी हलवल्यात म्हणे," ते शेवटी म्हणाले.

"म्हणजे कबरी होत्या, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"होत्या म्हणे. हलवल्या म्हणे."

"कोण म्हणे?"

"आता ताई, पोलिसासारखं काय विचारताय! म्हणतात लोक."

अनिल मध्ये पडला. "आई, प्लीज. परमिट माझ्या सहीनं निघालंय. कॉन्ट्रॅक्टर सोमवारी सकाळी येतोय. आता मी सगळं कॅन्सल केलं तर लोक काय म्हणतील? किती वर्षं शाळेच्या कॅफेटेरियात फरशीवर बसून उपासना केली आपण. सांडलेल्या टोमॅटो सॉसच्या वासात प्रभुभोजन घेतलंय, आई!"

"आणि एक सांगा," काका म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज दुखावलेला होता. "आपला काय संबंध? जमीन गोऱ्यांनी घेतली, शाळा गोऱ्यांनी काढली. आपण कालचे आलेले. त्यातून आपण स्वतः गावकुसाबाहेरचे. आपल्याला कुणी पापी ठरवावं?"

प्रतिमा पिठलं वाढत होती. तिनं पळी भांड्यात ठेवली. "काका, गावकुसाबाहेरच्यालाच आधी कळायला हवं ना, की पायाखाली कोण आहे?"

"तू जेव ग आधी," काका म्हणाले. त्यावर कुणीच जेवलं नाही.

वसुधाबाईंनी शनिवार सगळा गुडघ्यांवर काढला. अडचण बारीक नव्हती. साहेबाचं आख्यान त्यांनी कबूल केलं होतं, आणि वडिलांचा दंडक होता: कीर्तनकारानं जाहीर केलेलं आख्यान बदलायचं नाही आणि शेवटच्या प्रार्थनेआधी जागा सोडायची नाही. तिकडं लेकाची इज्जत. इकडं खळग्यांची ती ओळ. प्रार्थनेत त्या प्रभूला म्हणाल्या, "बापा, मला बोर्डिंगानं माणूस केलं. त्याच शब्दानं तिला कापलं. मी कुठल्या तोंडानं गाऊ?" उत्तर आलं नाही. उत्तर न येणं हेही कधी कधी उत्तर असतं, पण त्या रात्री बाईंना ते कळलं नाही. गाईन म्हटलंय, गाईन, असं म्हणून त्या उठल्या.

रविवारी चार वाजल्यापासूनच हवा विचित्र. आकाश निळं, पण दक्षिणेला क्षितिजावर तपकिरी रेघ ओढलेली, आणि ती रेघ हळूहळू जाड होत चाललेली. चॅपेल भरलं. खुर्च्या काढून सतरंज्या घातल्या होत्या, दारात चपलांचा ढीग. अर्नेस्टीनबाई आल्या, त्यांच्याबरोबर त्यांच्या वस्तीतली चार-सहा वयस्क माणसं. त्यांना पुढं मानानं बसवलं. प्रतिमा बाजूला उभी राहिली, बाई मराठीत बोलतील ते पाहुण्यांना इंग्रजीतून सांगायला.

पेटीनं सूर धरला. चिपळ्या वाजल्या. पूर्वरंगाचा विषय होता उपकार. बाईंनी पद घेतलं:

"उपकाराचे ऋण, फिटेना हे देवा,
काय देऊ सेवा, तुझ्या दारी..."

आवाज उठला, मंडळी डोलू लागली. बाई निरूपणाला लागल्या. वडिलांची गोष्ट आली, आजीची आली. मग पाठ केलेलं ते वाक्य आपोआप तोंडून बाहेर पडलं, "बोर्डिंग म्हणजे काय? दुसऱ्या आईची कूस!"

प्रतिमा भाषांतर करताना अडखळली. पण सासूबाई बोलल्या होत्या, तिनं सांगितलं. आणि वसुधाबाईंनी पाहिलं, की समोर बसलेल्या पाहुण्यांपैकी एका म्हाताऱ्या गृहस्थानं टोपी काढून मांडीवर उपडी ठेवली आणि तिच्यात बघत राहिला. बाकीचे निश्चल. आपल्या माणसांच्या डोळ्यांत आनंदाचं पाणी आणि त्यांच्या डोळ्यांत काहीच नाही. बाईंच्या चिपळ्यांचा ठेका चुकला. अवधूतनं हळूच सावरून घेतला.

पूर्वरंग संपला. आता रिवाज असा, की मध्यंतरात कीर्तनकाराला हार घालायचा आणि तो सगळ्यांत मानाच्या वडीलधाऱ्यानं. प्रतिमानं अंगणातल्या पांढऱ्या कण्हेरीचा हार केला होता. मनोहरकाकांनी मोठ्या कौतुकानं जाहीर केलं, "या शाळेच्या सर्वांत ज्येष्ठ विद्यार्थिनीच्या हस्ते!"

अर्नेस्टीनबाई उठल्या. हार दोन्ही हातांत घेतला, वसुधाबाईंसमोर आल्या आणि थांबल्या.

"हा माझ्याकडे दिलात ना?" त्यांनी विचारलं.

"हो, हो, तुम्हीच घालायचा," काका हसून म्हणाले.

"मग मी मला हवं तिला घालीन."

आणि त्या वळल्या. बाजूच्या दारानं बाहेर पडून बनाकडे चालू लागल्या. त्यांची माणसं एकेक करून उठली आणि मागोमाग गेली. दार वाऱ्यानं एकदा आपटलं. वाराही आताच सुटला होता.

 मनोहरकाकांनी घाईनं भाता ओढला, साहेबाच्या आख्यानाची चाल धरली आणि दबक्या आवाजात म्हणाले, "ताई, सुरू करा. चालू ठेवा. लोक बघताहेत."

वसुधाबाईंनी तोंड उघडलं. साहेबाचं पद ओठांवर होतं. पण जे आलं ते दुसरंच:

"झाकिले जे मातीआड, माती ते ना झाकी,
उरे रे जे बाकी, मागे माती..."

पेटी थांबली. बाई थांबल्या नाहीत. "शास्त्रात एका राजाची गोष्ट आहे, मंडळी. त्याला शेजाऱ्याचा द्राक्षमळा हवा होता. शेजारी म्हणाला, माझ्या वाडवडिलांची जागा आहे, देणार नाही. राजा रुसला, भिंतीकडे तोंड करून निजला. पुढचं दुसऱ्यांनी केलं. खोटे साक्षीदार आणले, शेजाऱ्याला दगडांनी ठार मारलं. राजानं एकही दगड मारला नाही हो! तो आपला उठला, हातपाय धुतले आणि मळ्याचा ताबा घ्यायला गेला. एवढंच केलं त्यानं. आणि मळ्याच्या दारात देवाचा माणूस उभा. त्यानं राजाला काय विचारलं असेल? की दगड कुणी मारला? नाही! त्यानं विचारलं, अरे, तू इथं आलास कसा?"

"वसुधाताई!" काका उभे राहिले. "हे आख्यान ठरलेलं नव्हतं!"

"नव्हतं, भाऊ. वडिलांचा दंडक मी आज मोडते आहे. वर भेटल्यावर त्यांना सांगेन. मी आत्ता बोर्डिंगाला आईची कूस म्हटलं. माझ्या वडिलांसाठी ती होती. पण बाहेर जी बाई गेली, तिच्या आईला गाडीमागं पळावं लागलं होतं, तिच्यासमोर मी हे म्हटलं. मुकाट्यानं ऐकलं तिनं."

काकांनी पेटीचं झाकण लावलं. तबला मात्र थांबला नाही. अवधूतला कुणी सांगितलं नव्हतं. तो मान खाली घालून ठेका देत राहिला.

आणि मग अंधारलं. खिडक्यांबाहेरचा उजेड आधी पिवळा झाला, मग तांबडा, मग मातकट. दक्षिणेची ती रेघ आता भिंत होऊन आली होती. आभाळाएवढी धुळीची भिंत, तिकडं उन्हाळ्यात उठते तशी. वीज गेली. माइक मेला. छतावर माती मुठीमुठीनं फेकल्यासारखी वाजू लागली. कुणाचं तरी पोर रडलं. अंधारात बाई एकट्या, बिनपेटीच्या, गातच होत्या.

"आई!" अनिलचा आवाज आला. "ती म्हातारी माणसं बाहेर आहेत!"

तेव्हा वसुधाबाईंनी दुसरा दंडक मोडला. शेवटची प्रार्थना न म्हणता त्यांनी जागा सोडली.

अनिलनं एक सतरंजी ओढून घेतली, आईचा हात धरला आणि दोघं दारातून बाहेर पडले. समोरचा हात दिसत नव्हता. धूळ नाकात, दातांत, डोळ्यांत. झाडं करकरत होती, कुठंतरी फांदी मोडली. बनाच्या मधोमध ती सगळी माणसं एकमेकांना बिलगून बसली होती, अर्नेस्टीनबाईंना मध्ये घेऊन. अनिलनं सतरंजी सगळ्यांवर पसरली, तिची टोकं आपल्या अंगाखाली दाबली आणि तोही त्यांच्यातच बसला. वसुधाबाईंना अंधारात एक हात सापडला. सुरकुतलेला. तो त्यांनी सोडला नाही. सतरंजीखाली अर्नेस्टीनबाई आपल्या भाषेत काहीतरी गुणगुणत होत्या. शब्द कळत नव्हते, पण चाल भजनाची होती. बाईंनी गाणं लावलं नाही. फक्त चिपळ्यांनी हलकेच साथ केली.

धुळीची भिंत आली तशीच निघून गेली. उजेड परत आला, मावळतीचा, तांबूस. चॅपेलातली माणसं भीत भीत बाहेर आली, अनवाणी, कारण चपलांचा ढीग वाऱ्यानं कुठल्या कुठं उधळला होता.

यंत्रानं खरवडून मोकळी केलेली माती वाऱ्यानं उचलून नेली होती. आणि खाली पांढरे गोटे होते.

आधी एक चौकट दिसली. पाळण्याएवढी. मग तिच्याशेजारी दुसरी. मग तिसरी. सगळ्या आखूड. कुणी मोजल्या नाहीत, मोजायचा धीर कुणाला होता? अर्नेस्टीनबाई पहिल्या चौकटीपाशी गेल्या, मग दुसऱ्या, मग पुढं. यातली इडा कुठली, ते त्यांना ओळखता येईना. शेवटी त्यांनी हाराची गाठ सोडली आणि एकेका चौकटीत एकेक फूल ठेवत चालू लागल्या.

फुलं संपली. चौकटी संपल्या नव्हत्या.

अनिलनं यंत्रावर हात ठेवला, खिशातून फोन काढला आणि सगळ्यांसमोर कॉन्ट्रॅक्टरला सांगितलं, "उद्या येऊ नका. परवाही नको. यंत्र कधी आणि कसं बाहेर काढायचं, ते या लोकांना विचारल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. हो, मी कॅन्सल करतोय. माझी सही आहे, मीच कॅन्सल करतोय." मग त्यानं अर्नेस्टीनबाईंना विचारलं, तुमच्या वस्तीच्या कचेरीत कुणाशी बोलू?

 अर्नेस्टीनबाई ओळीच्या टोकाला उभ्या होत्या आणि पुढं बघत होत्या. सगळ्यांनी तिकडं पाहिलं. गोट्यांची ओळ बनातून निघून चॅपेलला वळसा घालून समोर आली होती, आणि आवाराच्या कडेला शेवटची चौकट अर्धीच होती. उरलेली अर्धी डांबराखाली होती. ओळ तशीच पुढं जात असणार. त्या डांबरावर आपल्या मंडळीच्या गाड्या उभ्या होत्या. सगळ्यांत कडेची अनिलची.

मनोहरकाका त्याच डांबरावर उभे होते, हातात किल्ली, पाय अनवाणी. दिवसभराच्या उन्हानं डांबर अजून ऊन होतं. काकांनी खाली पाहिलं. मग एक पाऊल उचललं, आणि ते टेकायचं कुठं, ते त्यांना कळेना.  त्या दिवशी कुणीही आपल्या गाडीपर्यंत गेलं नाही. पोरं खांद्यावर घेऊन सगळी माणसं कडेकडेनं रस्त्यापर्यंत चालत गेली.

पुढचं थोडक्यात. हॉल झाला नाही. काकांबरोबर निम्मी घरं दुसरीकडे गेली. उरलेल्यांनी जागा नदीच्या माणसांच्या हाती दिली आणि पुन्हा त्या शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये, सॉसच्या वासात, उपासना सुरू केली. डांबर त्या लोकांनी आपल्या रीतीनं, आपल्या वेळेनं काढायला घेतलं. अजून सगळं काढून झालेलं नाही. ओळ कुठवर जाते, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि आपल्यापैकी कुणी विचारलंही नाही. डांबराखालून ती चॅपेलच्या दिशेनं वळते, एवढंच अनिलला दिसलं. त्याच चॅपेलात आपण हालेलूया गायलो होतो.

वसुधाबाई नगरला परतल्या. जेवणाआधीच्या प्रार्थनेत साहेबाचं नाव त्या अजून घेतात. उपकार काही खोटे नव्हते. पण त्यानंतर आणखी एक नाव घेतात आणि मगच घास उचलतात.

तेच तुमच्याकडे मागायचंय, म्हणून जवळ बोलावलं. आज घरी जेवायला बसाल, तेव्हा घास तोंडाशी नेण्याआधी क्षणभर थांबा आणि इडाची आठवण करा. ते तिचं शाळेतलं नाव. खरं नाव आपल्याला ठाऊक नाही, आणि मागायचा हक्कही नाही. देवाला ठाऊक आहे. आपण नुसतं इडा म्हणा.